थांबणारा तोक्तोसुन

तोक्तोसुन, मुलं जगेनात म्हणून आईनं तुझं हे ‘थांबो’ अशा अर्थाचं नाव ठेवलं. मरण थांबायला हवं होतं रे, गाडी नव्हे! नारिन शहरातला सर्वांत जाणता वाटाड्या म्हणून मी माझ्या एकटीसाठी तुला गाडीसकट ठरवलं, तासातासाचा बेत लिहून दिला. घाटापलीकडच्या कुरणावरची माझी बहीण त्याच आठवड्यात कायमची मुलाकडे रशियाला निघणार होती, त्याआधी तिला भेटायचं होतं. तू मात्र वाटेतल्या प्रत्येक तंबूपाशी उतरलास.

“आपा, रोटी न चाखता पुढं गेलो तर लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत! तोंड आहे की तंदूर?”

सातव्या तंबूत कळलं, घाट बर्फानं बंद झालाय. आपण परतलो. बहिणीसाठी विणलेले मोजे, घाट उघडताच पोचवतो म्हणून तू ठेवून घेतलेस. घाट उघडला, ती रशियाला गेलीही, मोजे अजून तुझ्याच गाडीत आहेत.