सरळ ॲक्सलचा सल्ला

मिस्त्रीचं गॅरेज डोंगराच्या पायथ्याशी होतं. मोटरसायकलसारखं हँडल आणि चार फुगीर चाकं असलेल्या, दगडधोंड्यांतून चालणाऱ्या एटीव्ही तिथं दुरुस्तीला यायच्या. हाताला कसब होतं, पण कुणी चूक दाखवली की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत.

त्याची धाकटी बहीण जनावरांची सरकारी डॉक्टर. वरच्या कुरणांतले गोठे तपासायचं काम तिच्याकडे आलं तेव्हा ती दोन गाड्या चालवून बघून थेट गॅरेजात आली.

"दादा, एकीला मागं सरळ ॲक्सल आहे, दुसरीचं सस्पेन्शन इंडिपेंडंट. मला दुसरी आवडली. दगडावर एक चाक चढलं तरी दुसरं आपलं जागेवर, बसणाऱ्याला पत्ताच नाही."

"आणि मोडली की?" मिस्त्रीने पाना आपटला. "सरळ ॲक्सल म्हणजे एक दांडा, दोन चाकं. वळणावर झुकत नाही, ओझ्याला कुरकुरत नाही. तुझ्या त्या लाडोबाला प्रत्येक चाकाचे वेगळे आर्म, वेगळे जॉइंट. जॉइंटवरचं एक रबरी आवरण, बूट म्हणतात त्याला, फाटून चिखल आत गेला, की बस गाईंशी गप्पा मारत!"

बोलला त्यात खोटं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट त्याने गिळली. आदल्या वर्षी त्याने तसलीच एक गाडी खोलली होती आणि ती त्याला नीट जोडता आली नव्हती. अर्ध्या वाटेत मागचं चाक डगमगायला लागलं, तेव्हा गिऱ्हाइकाने चारचौघांत त्याची सालं काढली. तेव्हापासून इंडिपेंडंट म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडे.

बहिणीने सरळ ॲक्सलची गाडी घेतली. नऊ वर्षांत ती एकदाही वाटेत बंद पडली नाही, आणि मिस्त्री हे येईल त्याला ऐकवायचा. मात्र एक चाक धोंड्यावर चढलं की अख्खा दांडा कलायचा आणि हिसका थेट तिच्या कमरेत जायचा. ती सांगे, "दादा, म्हातारीसारखं 'पाठ भरून येते गं बाईऽ' म्हणायची वेळ आलीय." तो हसून सीटमध्ये आणखी फोम भरून द्यायचा.

दहाव्या वर्षी एका वासराला उचलताना ती खाली बसली ती उठलीच नाही. मणक्याची चकती सरकली होती. दोष एकट्या गाडीचा नाही, पण वर्षानुवर्षांच्या हिसक्यांचाही त्यात वाटा आहे, असं डॉक्टर म्हणाले. फिरती बंद झाली. तिला खाली कचेरीत टेबलाजवळ बसवलं.

पुढे एका वनरक्षकाची इंडिपेंडंटवाली गाडी दुरुस्तीला आली. या वेळी मिस्त्रीने माहितीपुस्तक उघडून, चार दिवस डोकं घालून, ती नीट जोडली आणि तपासायला बहिणीच्याच वाटेने तिसऱ्या गोठ्यापर्यंत वर नेली. चाकं खालच्या खाली दगड चढत-उतरत राहिली. तो आरामात बसून होता. दुसऱ्या दिवशी तीच वाट त्याने बहिणीच्या गाडीवरून धरली. तिसऱ्या गोठ्याशी कंबर धरून तो उतरला आणि तिथूनच माघारी फिरला.

संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. ती पाठीशी उशी घेऊन पलंगावर टेकली होती.

"तुला ती इंडिपेंडंटवाली गाडी घेऊ दिली नाही ते तुझ्या भल्यासाठी नव्हे," तो कसाबसा म्हणाला. "मला ती दुरुस्त करता येत नव्हती. सांगायची लाज वाटली."

"ठाऊक होतं मला. त्या गिऱ्हाइकाची बायको माझी वर्गमैत्रीण."

"मग माझं ऐकलंस कशाला?"

"मी ती गाडी घेऊन दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले असते, तर तुझं तोंड केवढंसं झालं असतं?"

तिने उशी सारखी केली आणि विचारलं, "वर गेलास ना? त्या शेवटच्या गोठ्यातली लंगडी गाय कशी आहे?"

त्याने बघितली नव्हती. तो तिथवर पोचलाच नव्हता.