अझाइड नको

प्रयोगशाळेत तिला सगळे फ्रिजमावशी म्हणत. अँटिबॉडीच्या बाटल्या मागवणं आणि जपणं हे बावीस वर्षं तिचं काम. ग्लिसरॉल घातलेली, उणे वीस अंशांनाही न गोठणारी कोणती, अझाइड घातल्यामुळे जंतू न धरणारी, साध्या कप्प्यात टिकणारी कोणती, हे ती डोळे मिटून सांगे. काहीच न घातलेल्या बाटलीचे मात्र फार लाड. आली रे आली की एकेका प्रयोगापुरते थेंब इवल्या नळ्यांत भरून ती गोठवून टाकी. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवायची नाही.

"मावशी, बाळंतिणीसारखं जपता हो!" प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरबाई हसत. विद्यार्थिनी असताना पिपेट धरायला त्यांना मावशीनेच शिकवलं होतं.

जिवंत पेशींच्या प्रयोगासाठी मावशीने मागणीपत्रावर लिहिलं: अझाइड नको. डॉक्टरबाईंनी ते खोडलं.

"किती थेंब वाटत बसाल? अझाइडवाली महिनोन्महिने राहते."

"अगं, जंतूंना मारतं ते पेशींनाही मारेल."

"एवढ्याशाने? तुम्ही म्हणजे ना, मावशी!"

पेशी मेल्या. दोन महिन्यांच्या कामावर पाणी पडलं.

संचालकांनी दोघींना बोलावलं. बाई खरं सांगतील, याबद्दल मावशीला शंकाही नव्हती.

"मावशींचं वय झालंय," बाई म्हणाल्या, "मागवताना चूक झाली. मी रागावले नाहीये."

मावशी संचालकांकडे वळली. "मागणीपत्र काढा साहेब, खोडलेलं दिसेल."

मागणीपत्र आलं. कोरं करकरीत, नव्याने छापलेलं. खोडाखोड कुठेच नाही, आणि मागणी करणारी म्हणून मावशीचं नाव.

मागवण्याचं काम त्याच दिवशी दुसऱ्याकडे गेलं. बावीस वर्षांत तिच्या हातून एकही बाटली वाया गेली नव्हती.

आठवड्याने बाई आल्या. हातात काहीच न घातलेली नवी बाटली.

"वाटून द्याल ना, मावशी? तुमच्यासारखा हात नाही कुणाचा. आणि तेव्हा मी नोकरी वाचवली तुमची, विसरू नका."

"ह्या बाटलीच्या मागणीपत्रावर नाव कुणाचं आहे, डॉक्टर?"

मावशीच्या तोंडचं 'अगं' गेलं, 'डॉक्टरबाई'तलं 'बाई'ही गेलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "राहू दे. मीच करते."

त्या वळल्या. बाटली मुठीत घट्ट होती. उबेने खराब होईल, बर्फात ठेवा, एवढं मावशीच्या अगदी ओठांवर आलं. ती बोलली नाही.