निरंक लिहिलं, एक झालं

माझा मुलगा बावन्न वर्षांचा आहे. त्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. गॅस कळत नाही, रस्ता कळत नाही. माझ्यामागे त्याला कोण बघणार, हा एकच प्रश्न मला आहे. नवरा होता तोवर तो दोघांचा होता, आता माझ्या एकटीचा आहे.

कात्रजच्या पुढे अशा मोठ्या झालेल्या मुलांची एक संस्था आहे. जागा थोड्या, यादी लांब, आणि अर्ज फक्त वेबसाइटवर. ती वेबसाइट माझ्या भाचीनेच फुकट करून दिलेली. "आत्या, अगदी सोपा फॉर्म आहे, तुझी तू भरशील," म्हणाली. मी चौथी शिकले, पण शाळेत शिपाई होते आणि फोनवर मराठी लिहिता येतं. भरला.

त्यात एक रकाना होता: पालकांच्या पश्चात सांभाळू शकणाऱ्या व्यक्तींची संख्या. मी लिहिलं, निरंक. शाळेतल्या हेडक्लार्कने शिकवलं होतं, रकाना मोकळा सोडायचा नाही, मोकळ्या रकान्यात मागून कोणीही काहीही लिहितं. काही नसेल तर निरंक. नोकरीभर मी तेच लिहीत आले.

आठ महिने काही कळलं नाही. शेवटी मुलाला घेऊन स्वारगेटहून बस धरली आणि गेले. टेबलावरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

"आजी, तुमच्याकडे आहे की एक जण."

"कोण?"

"नाव नाही. नुसतं एक आहे."

"मग मलाही भेटवा. बावन्न वर्षं शोधतेय."

बाई हसल्या नाहीत. ज्यांना मागे कोणीच नाही, त्यांची यादी आधी घेतात. माझा मुलगा दुसऱ्या यादीत पडला होता. पहिल्या यादीतल्या जागा गेल्याच महिन्यात भरल्या होत्या.

रविवारी भाचीला बोलावलं. ती कॉटवर लॅपटॉप उघडून बसली. मुलगा तिच्या बॅगची चेन उघडत-लावत होता. तिने माझा अर्ज उघडून बघितला. मग म्हणाली, "आत्या, माझं चुकलं."

तिने सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. आपण फॉर्म पाठवला की तिकडे प्रत्येक अर्जासाठी एक कोरा साचा तयार होतो. त्यात खण असतात. फॉर्मवरच्या रकान्याचं नाव आणि खणाचं नाव जुळलं की मजकूर त्या खणात जातो. व्यक्तींच्या खणात फक्त आकडा बसतो. माझा शब्द बसला नाही, म्हणून तो टाकून दिला गेला, आणि साच्यात आधीपासून जे होतं ते तसंच राहिलं.

"आधीपासून काय होतं?"

"एक."

"ते कोणी ठेवलं?"

"मीच. म्हटलं, कोणी ना कोणी असतंच प्रत्येकाला."

"आणि शब्द टाकून दिला, ते मला सांगायचं नाही?"

"तशी तपासणी लिहावी लागते. माझी राहिली."

"आमचा हेडक्लार्क बरा होता. चुकलं की निदान ओरडायचा."

ती लॅपटॉपकडे बघत राहिली. मी विचारलं, "तो एक म्हणजे तू का?"

उत्तर द्यायला वेळ लागला, तेवढ्यात मला उत्तर मिळालं. तिचं दोन खोल्यांचं घर आहे, दोन मुलं आहेत, सासू अंथरुणावर आहे. मी तिच्या जागी असते तर मीही लॅपटॉपकडेच बघितलं असतं. "आत्या, मी येत जाईन ना," म्हणाली. येत जाणं वेगळं.

संस्थेला तिने फोन केला, चूक तिची आहे हे सांगितलं. ते म्हणाले, आम्हाला पटतं, पण भरलेला अर्ज बदलता येत नाही आणि यादी अर्जाच्या तारखेने चालते, नवा अर्ज भरा. तिने फॉर्म दुरुस्त केला. आता तिथे शब्द लिहिला की लाल अक्षरांत ओरडतो. दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

नवा अर्ज मी भरला. त्या रकान्यात शून्य टाकलं. लगेच नंबर आला, यादीच्या अगदी तळाचा. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, पाच-सहा वर्षं धरा.

मी एक्क्याऐंशीची आहे. तोवर मला जिवंत राहिलं पाहिजे, आणि राहीन असं मला वाटत नाही.