कोकिळाअक्काचे दोन पहारेकरी

शिरपूरजवळच्या आमच्या गावात बोलतात, कोकिळाअक्कानं चोराचा कान खाल्ला. साफ खोटं. फक्त कानाची पाळी तोडली, आणि तीही खाल्ली नाही, थुंकली. मी समोरच्याच ओट्यावर होतो.

अक्का एकटी राहते. गेल्या दिवाळीत डोक्यात दांडकं घालून तिला लुटलं. नऊ टाके पडले. धुळ्याचा मुलगा नीलेश म्हणाला, आता तिकडेच चल. ती हलेना, तेव्हा त्यानं भिंतीवर दोन यंत्रं बसवली आणि माहितीपत्रक वाचल्यासारखं समजावलं. पहिलं वायफायच्या लहरी हलल्या की मोबाईल वाजवतं. दुसरं रडारवालं, गप्प पडलेल्या माणसाचा श्वाससुद्धा ओळखतं. महिनाभर दोन्ही ताडून बघू. एकही कामाचं निघालं नाही, तर मुकाट धुळे.

पहिलं अंगणातल्या शेळीलाही वाजायचं. दुसरं पंख्यालाही माणूस समजायचं. अक्का दोघांना सारख्याच शिव्या घालायची.

भाव चढेल म्हणून पुढच्या खोलीत छातीभर कापूस रचलेला. त्या दुपारी शेतात मोबाईल दोनदा वाजला. शेळी असेल, म्हणून तिनं सोडून दिलं. दाराशी येऊन मोबाईलवर पाहते तर वायफायवालं म्हणतं घर रिकामं, रडारवालं म्हणतं माणूस हजर. खिडकीतून डोकावली. पंखा बंद, माणूस दिसेना, मागचं दार मात्र उचकटलेलं.

“हाई हालेल दखस,” ती हळूच म्हणाली, “ते जित्तं दखस.” म्हणजे एक हललेलंच बघतं, दुसरं जिवंत असलेलं.

कुलूप काढलं, ओट्यावरचं दाताळं उचललं आणि सरळ कापसाच्या ढिगात खुपसलं.

ढीग किंचाळला. मांडीत लोखंडी दात घेऊन एक दणकट बाप्या वर आला. त्यानं तिचं मनगट पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्यापलीकडे आला. मग गळा धरला. अक्कानं त्याच्या कानात दात रोवले. पांढऱ्या कापसात लाल चिखल झाला. मी बोंबलून गल्ली गोळा केली. लोकांनी त्याला उंबऱ्यावरून ओढून लाथांनी असा तुडवला की शेवटी अक्कालाच म्हणावं लागलं, “मरी जाई तो, सोडा.”

संध्याकाळी नीलेश आला आणि तिची लुगडी पिशवीत भरू लागला. मी अक्काशी पैज मारली: आता तू गेलीसच. हरलो तर तुझ्या शेतातला उरलेला कापूस मी वेचीन.

तिनं प्लास्टरचा हात भिंतीवरच्या रडारवाल्याकडे केला. “एक कामनं निंघनं ना? मंग मी आठेच शे.”

ती इथेच राहणार म्हटल्यावर नीलेशनं पिशवी खाली ठेवली.

आज वेचणीचा तिसरा दिवस. बोंडांनी माझी बोटं सोलली आहेत, आणि अक्का एका हातानं माझ्या दोन सऱ्या पुढे आहे.