वस्त्रं इस्त्रीवाल्याच्या अंगावर

"अहो महाराज, इकडे! मी इकडे उभा आहे! तो इस्त्रीवाला आहे, इस्त्रीवाला!"

नवे सेक्रेटरी असे ओरडले की वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीतल्या हॉलचे पंखे दोन मिनिटं उलटे फिरले. महाराज मात्र ढिम्म. महाराज म्हणजे माझे बाबा. वय सत्त्याऐंशी, अंगावर भाड्याचा जरीचा अंगरखा, पगडीला खोट्या मोत्यांचा तुरा. त्यांनी तबकातलं पागोटं उचललं आणि तबक धरून उभ्या असलेल्या माणसाच्याच डोक्यावर ठेवलं. शेला त्याच्या अंगावर आधीच पडला होता.

आमच्याकडे सेक्रेटरीची नेमणूक पेशव्यांसारखी होते. निवडणूक होते ती कागदापुरती. खरी सत्ता मिळते वर्धापनदिनाला, स्टेजवर मांडलेल्या सातारच्या दरबारात. छत्रपती सिंहासनावरून उठतात, नव्या माणसाला शेला पांघरतात, पागोटं घालतात, पुठ्ठ्याची कट्यार कमरेला खोचतात आणि शेवटी हातात शिक्का देतात. शिक्का मात्र खरा. सोसायटीचा, लाकडी मुठीचा. तो महाराजांच्या हातून मिळेपर्यंत आजवर एकाही सेक्रेटरीने कुठल्या दाखल्यावर उमटवलेला नाही. एकाने घाई केली होती, तर त्याच्या इमारतीच्या टाकीत महिनाभर पाणी चढलं नाही. बरं, महिनाभर नसेल, चार दिवस. पण चढलं नाही.

ही प्रथा बाबांनीच काढली, वसाहतीच्या भिंती ओल्या होत्या तेव्हा. तेव्हापासून महाराज तेच. ते दरबारात बोलले की उपवनच्या तळ्यावरचे बगळे उडतात, असं मी सांगतो. मी पुष्कळ सांगतो. बाबा रोज संध्याकाळी येऊरच्या डोंगरावर जाऊन येतात आणि तिथला बिबट्या बाजूला होऊन त्यांना वाट देतो, हे मी पार कोलशेतपर्यंत पसरवून ठेवलंय.

या वर्षी मात्र दरबारावर माझी पैज लागली होती. पहिल्या रांगेत ताई बसली होती, माझी थोरली बहीण, डोंबिवलीहून आलेली. पंधरा दिवसांपूर्वी बाबांनी तिला फोनवर विचारलं होतं, "आपण कोण बोलताय?" त्यावर तिने टिटवाळ्याला वृद्धांच्या एका आश्रमात जागा बघितली होती. फॉर्म तिच्या पर्समध्ये होता, फक्त माझी सही राहिली होती.

"अरे, त्यांच्याजवळ आता सतत माणूस लागतं," ती म्हणाली होती. "घरात तुम्ही दोघंच. तू ऑफिसातून येणार आठला."

"ताई, आधी दरबार बघ. बाबा एक शब्द जरी चुकले ना, तर मी तिथेच सही करतो."

"एक शब्द?"

"एक."

मी निर्धास्त होतो असं नाही. मधल्या दिवसांत सकाळी दाढी करताना, जेवताना, चपला घालताना मी त्यांच्याकडून दरबारातलं वाक्य इतक्या वेळा म्हणवून घेतलं होतं की शेजारच्या काकूंचा पोपटसुद्धा राज्य वाटायला लागला होता.

ऐन वेळी तबक धरणाऱ्या चोपदाराला ताप आला. कोपऱ्यावर टपरी असलेला आमचा इस्त्रीवाला शेला-पागोटं कडक इस्त्री करून घेऊन आला होता आणि बघायला म्हणून पायरीशी थांबला होता. कमिटीने त्याच्याच हातात तबक दिलं आणि वर ढकललं. नवे सेक्रेटरी तीन पावलांवर मान लववून तयार.

बाबा उठले. "आजपासून राज्याचा भार तुमच्या शिरी. शिक्का सांभाळा. आणि त्याहून रयत सांभाळा."

काना-मात्रा जागच्या जागी. विंगेत मी मूठ आवळली. जिंकलो! आणि त्याच क्षणी शेला सेक्रेटरींना वळसा घालून पुढे गेला.

"आजोबा, मी नाही, ते साहेब," इस्त्रीवाला कुजबुजत होता. बाबांनी त्याच्या कमरेला कट्यार खोचली, हातात शिक्का दिला आणि तो हात धरूनच ठेवला. रस्ता ओलांडायच्या आधी धरावा, तसा.

"शिक्का तरी परत घ्या!" सेक्रेटरी.

"राहू द्या हो," मागून कुणीतरी ओरडलं, "हा निदान कपडे तरी वेळेवर देतो!"

हॉल खदखदला. मी धावत जाऊन माइक घेतला. म्हटलं, मंडळी, हा बदल मुद्दाम केलाय. आमच्या घरच्या पेटीत मोडीतला एक कागद सापडलाय, त्यात लिहिलंय की एका राजाने सगळे सरदार बाजूला सारून तंबू ठोकणाऱ्याला प्रधान केलं होतं. पेटी नाही, कागद नाही, मला मोडीतला 'अ' येत नाही. पण टाळ्या अशा पडल्या की सेक्रेटरींनाही दोन वाजवाव्या लागल्या.

ताईने वाजवल्या नाहीत.

स्टेजच्या मागे बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत पगडीसकट चहा पीत बसले होते. मी आधीच सुरू केलं, "शब्द एकही चुकला नाही हं. पैज म्हणजे पैज."

"शब्द नाही चुकले," ताई म्हणाली. तिच्या हातात फॉर्म होता. "माणूस चुकला."

तेवढ्यात इस्त्रीवाला आला. शेल्याची घडी पुन्हा तशीच करकरीत, तिच्यावर पागोटं आणि शिक्का. बाबा त्याला बघून हसले आणि चहा अर्धा टाकून उठायला लागले, निघायचं ना, अशा बेताने.

ताईने ते पाहिलं आणि इस्त्रीवाल्याला विचारलं, "दादा, त्यांनी तुम्हालाच का दिलं हो?"

तो माझ्याकडे बघेना. "रोजची ओळख आहे ना, ताई. संध्याकाळी मीच त्यांना घरी आणून सोडतो. कधी सिग्नलपाशी सापडतात, कधी पोखरण रोडच्या मधोमध. नाव विचारलं की गप्प बसतात, पण हात दिला की येतात."

"रोज?"

"बहुतेक रोज. दिवाळीपासून."

फॉर्म ताईने माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मला काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि मला सुचलं ते एवढंच. मी त्या माणसावर आवाज चढवला. "मग मला सांगायचं नाही का? मुलगा आहे मी त्यांचा!"

त्याने शिक्का शेल्यावरून उचलून फॉर्मशेजारी ठेवला.

"सांगितलेलं, साहेब. तुम्ही म्हणालात, येऊरला जाऊन आले असतील."