आधी चपला काढा

"आदी चपला काढा, मग दुखणं सांगा."

नांदेडात माझ्या दवाखान्यात एकदा जरी आलेल्या माणसाला हे वाक्य पाठ आहे. माझं नाव विसरलेले लोक ऑटोवाल्याला सांगत, "ते चपला काढायला लावतात तिकडं घ्या," आणि ऑटो बरोबर माझ्या दारात येई. मी कातडीचा डॉक्टर. पाटीवर माझ्या नावापुढे तीन पदव्या आहेत. पण दवाखान्याची ओळख होती ती दारातल्या स्टुलावर बसणाऱ्या, धोतर-टोपीतल्या, भोकरकडच्या एका शेतकऱ्यामुळे. सगळे त्यांना मामा म्हणत. मीही म्हणायचो.

आता चपला काढायला देवळातही सांगतात. पण मामांच्या राज्यात चपला काढून भागत नसे. बाकावर बसायचं, दोन्ही तळपाय समोर धरायचे आणि गप्प राहायचं. मामा चष्मा कपाळावर चढवून, बैल घेताना खूर बघतात तसे, ते पाय उलटेपालटे करून बघत. काही नसलं तर म्हणत, "बिनघोर जावा." काही दिसलं तर नुसती मान हलवून माणसाला सरळ माझ्या टेबलापुढे आणून बसवत. नंबर मग कुणाचा का असेना.

एकदा कॉलेजातली एक मुलगी तोंडावरच्या मुरुमांसाठी आईला घेऊन आली. आई भडकली.

"अहो, पिंपल तोंडावर आलेत. पाय कामून बघून राहिले तुम्ही?"

"तोंड तुमी रोज आरशात बघता," मामा म्हणाले. "तळपाय शेवटचा कवा बघितला, सांगा बरं."

आई मुलीच्या शेजारी स्वतःचीही चप्पल काढून बसली. हसू नका. तुम्ही तरी कधी बघितलात?

एक फौजदार आले होते. बूट, लेस, मोजे, सगळा जामानिमा. मोजे निघाले मात्र, बाहेरच्या खोलीतली निम्मी माणसं चहाला म्हणून उठली. मामांनी चेहऱ्यावरची रेघ न हलवता दोन उदबत्त्या लावल्या आणि साहेबांचे पाय शेवटच्या बोटापर्यंत तपासले. उदबत्तीची प्रथा तेव्हापासून पडली ती पडलीच. पुढे पुढे तर काही म्हाताऱ्या उदबत्ती, उघडे पाय आणि शांतता बघून माझ्या टेबलाला हात लावून नमस्कार करत. मी काही म्हणायचो नाही. कुठंतरी मान मिळत असेल तर घ्यावा माणसानं.

मामांनी चपलांचीच रांग केली होती. चप्पल जिथं, तिथं तुमचा नंबर. तुम्ही खुशाल बाहेर जाऊन भजी खाऊन या. मग आवाज यायचा, "लाल पट्टा, आत चला! तुटका अंगठा, तयार ऱ्हावा!" एका प्राध्यापकांना त्यांनी "झिजली टाच" म्हणून हाक मारली, तेव्हा ते इतके रागावले की दुसऱ्या खेपेला नवीन बूट घालून आले. मामांनी लांबूनच स्वागत केलं, "या, झिजली टाच!"

आता मूळ कारण सांगतो. कातडीच्या कर्करोगातला एक काळा, वाईट प्रकार आपल्याकडच्या सावळ्या माणसांत निघाला तर बहुतेक वेळा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली निघतो. दुखत नाही, खाजत नाही. आपल्याकडे शेतात काटा मोडला की बिब्बा तापवून टाचेला लावतात. त्याचा काळा डाग राहतो. त्यामुळे तळव्यावर काहीही काळं दिसलं की अख्खं घर एका आवाजात सांगतं, "बिब्ब्याचा डाग हाय." डाग कोणता आणि रोग कोणता, हे कळायला माझ्याकडे दिव्याचं छोटं यंत्र आहे, डर्मोस्कोप. डागावर टेकवलं आणि मोबाईलला जोडलं की कातडी पडद्यावर मोठी होऊन दिसते. मामा त्याला भिंग म्हणत.

सुरुवातीला मी लोकांना समजावत असे, "तळव्याच्या कातडीवर समांतर उंचवटे आणि खाचा असतात. रंगद्रव्य खाचांमध्ये असेल तर..." तोवर समोरचा शेतकरी छताकडे बघायला लागलेला असायचा. एक दिवस मामा माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते.

"सायेब, ही तर सरी-वरंबा हाय."

मी बघत राहिलो. खरंच होतं. आखून पाडल्यासारख्या सऱ्या, मधे वरंबे, आणि वरंब्यांवर घामाच्या भोकांचे पांढरे ठिपके ओळीनं.

"वरंब्यावर सरकी लावलीय बगा," मामा म्हणाले.

त्या दिवसापासून मी भाषण बंद केलं. काळं सरीत असेल तर भ्यायचं काम नाही. काळं वरंब्यावर चढलं तर कापायचं. हे सांगायला मला दहा वर्षं शिकूनही जमलं नव्हतं. पुढे लातूरच्या एका डॉक्टर मित्राचा फोन आला. "अरे, तुझ्याकडचा एक पेशंट आलाय. विचारतोय, माझं सरीत हाय का वरंब्यावर? काय शिकवून राहिलास तू लोकांना?" मी म्हटलं, मी नाही, मामा शिकवतात.

मामा माझ्याकडे कसे आले, ते सांगायला नको वाटतं. पण सांगितलं पाहिजे. त्यांची बायको मानेवरच्या गजकर्णासाठी माझ्याकडे आली होती. मी मान बघितली, मलम दिलं. चप्पल काढा म्हणालो नाही. दोन वर्षांनी मामा तिला परत घेऊन आले तेव्हा टाचेवर फुटलेला काळा फोड होता आणि जांघेत गाठी. "बिब्ब्याचा डाग हाय म्हणून बिब्बाच लावत ऱ्हायलो," मामा म्हणाले. सहा महिन्यांत ती गेली. तिचे दिवस झाल्यावर मामा शेत थोरल्या भावाला वाहायला देऊन, बारावीतल्या मुलीला घेऊन नांदेडला आले आणि माझ्या दारात उभे राहिले. "मला इथं ठिवा. काम काय करायचं ते मला ठाव हाय." मला एका शब्दानंही दोष दिला नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं.

मला मात्र ते अधूनमधून छेडायचे. "सायेब, तुमचं कवा बघायचं?"

"बघू, बघू."

खरी गोष्ट सांगू? मला तळपायाला भयंकर गुदगुल्या होतात. कातडीचा डॉक्टर, आणि पायाला बोट लावलं की किंचाळतो. पेशंटसमोर शोभा कशाला? मी टाळत राहिलो. नवीन भिंग घेतलं तेव्हा जुनं मामांना देऊन टाकलं. ते त्यांनी रुमालात गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवलं आणि विचारलं, "मग बघू का?" मी पळालो.

यथावकाश मुलीचं लग्न ठरलं. जावई लातूरकडच्या मुरुडचा, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. मुलीला मुलगा पसंत, मुलाला मुलगी, आणि मामांचं तर विचारू नका. दोन महिने प्रत्येक पेशंटला तळपायाबरोबर जावयाचं कौतुक मोफत मिळत होतं.

"सायेब, लग्नाला तुमचं नवं भिंग घेऊन या," मामा म्हणाले.

"लग्नात भिंग कशाला?"

"एवढी मान्सं एका जागी परत कवा गावतील?"

भोकरच्या मंगल कार्यालयात लग्न होतं. मारुतीचं दर्शन घेऊन नवरदेव आला आणि पाटावर बसला. बायको नसलेल्यानं कन्यादान करू नये म्हणतात, म्हणून ते थोरल्या भावाकडे होतं. पण "जावयाचे पाय मी धुणार" हा मामांचा हट्ट. भावजय पाणी ओतत होती. मामांनी नवरदेवाचा उजवा पाय परातीत घेतला आणि टाचेवरून फिरता फिरता त्यांचा अंगठा थांबला. परत फिरला. परत थांबला. मग त्यांनी सरळ पाय उचलून तळवा उजेडात धरला. नवरदेव बाशिंगासकट मागे कलंडला, तो मित्रांनी झेलला.

"जावईबापू, ह्ये काय?"

"बिब्ब्याचा डाग हाय तो," नवरदेवाची आई लगबगीनं पुढे आली. "ल्हानपणी काटा मोडला व्हता."

मामांचं तोंड पांढरंफटक पडलं. हेच शब्द त्यांनी स्वतः दोन वर्षं म्हटले होते.

"वाढून राहिला का?" त्यांनी नवरदेवालाच विचारलं.

नवरदेव आईकडे बघत हळूच म्हणाला, "साल-दोन साल झाले, जरा पसरलाय."

नवरदेवाचे चुलते, दांडगा माणूस, मोठा फेटा, पुढे सरसावले. "अवो व्याही, मुहूर्त चाललाय! शुभकार्यात बिब्बा घालून राहिले का तुम्ही?"

एरवी मी हसलो असतो. पण मामा माझ्याकडे बघत होते. "सायेब, भिंग काढा."

मी परातीशेजारी गुडघ्यावर बसलो. नवी पँट भिजली. देवा, सरीत असू दे, असं म्हणत भिंग टेकवलं. मामांचं डोकं माझ्या डोक्याला लागून होतं. पडद्यावर काळं वरंब्यावर होतं. सरकीच्या ठिपक्यांच्या भोवतीनं, ओळीनं ओळ. मामांना सांगायची गरजच नव्हती.

आणि मी काय केलं असेल? मांडवभर माणसं, वाजंत्री, तो फेटा. मी घाबरलो. मामांच्या कानात म्हणालो, "अक्षता पडू द्या. सोमवारी बघू."

मामा तितक्याच हळू म्हणाले, "सायेब, मागं एकडाव नुसती मान बघून सोडलं व्हतं तुमी."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. रागानं नाही. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की हा डाग बिब्ब्याचा नाही, कर्करोगाचा वाटतो, तपासून कापून काढावा लागेल.

मग जो गलका झाला तो विचारू नका. चुलते म्हणाले, अपमान झाला, गाड्या काढा. मामांचे भाऊ म्हणाले, पोरगी द्यायची न्हाई. भटजी घड्याळ दाखवत होते, त्यांच्याकडे कुणी बघेना. मामा परातीपुढे तसेच बसलेले, जावयाचा पाय दोन्ही हातांत धरून. बोलावं तर मुलीचं लग्न मोडणार होतं आणि न बोलावं तर तिचं कुंकू जाणार होतं.

गलक्यातून वाट काढत नवरी आली. मुंडावळ्या बांधलेल्या, पदर खोचलेला. थेट माझ्यापुढे उभी राहिली.

"डाक्टर, आईचा असाच व्हता?"

"आईचा फार पुढं गेला होता. हा लहान आहे."

"कापला तर बरे व्हतील?"

"होतील असं वाटतं. पण लिहून देत नाही."

ती नवरदेवाकडे वळली. "सोमवारी दवाखान्यात येता का?"

"येतो," नवरदेव म्हणाला. बिचारा अजून मित्रांच्या हातांवर अर्धा कलंडलेलाच होता.

"मग अक्षता टाका," ती भटजींना म्हणाली. "आन बाबा, दुसरा पाय ऱ्हायलाय. धुवा."

मामांनी धुतला. डोळ्यांतलं पाणी परातीत पडत होतं. पण त्याही अवस्थेत त्यांनी तो दुसरा तळवा उलटा करून नीट बघितला आणि जाहीर केलं, "ह्यो साफ हाय." मांडव हसला, आणि वाजंत्री वाजायला लागली. पंगती बसायच्या आधी माझ्यापुढे चपला काढलेल्या वऱ्हाड्यांची रांग लागली. रांगेत पहिले, फेटा सावरत, चुलते. त्यांच्या पायाला भेगांशिवाय काही निघालं नाही. त्यांना जरा वाईटच वाटलं.

सोमवारी नवरदेव अंगाच्या हळदीसकट आला. तुकडा तपासायला गेला आणि उत्तर यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मामांनी एकाही पेशंटला हाक मारली नाही, नुसत्या चपला सरळ करत बसले. रोग होताच, पण वरच्या थरातच होता. मुळं खाली उतरली नव्हती. डाग कापला, मांडीची कातडी टाचेला लावली. आता सात वर्षं झाली. थंडीत जरा लंगडतो, बाकी ठणठणीत. त्यांना मुलगी झाली तेव्हा मामा पाचव्या दिवशी मुरुडला गेले आणि पाळण्यातल्या नातीचे तळपाय बघून मला फोन केला, "साफ हाय!"

मामा मागच्या हिवाळ्यात गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत नव्हते. तेराव्याला मी त्यांच्या गावी गेलो. जेवून बाहेर आलो तर अंगणात चपलांचा हा ढीग, एकीचा एकीला मेळ नाही. मामा असते तर रांग लागली असती. मी ओट्यावर बसून माझा जोडा शोधत होतो, तोच जावई समोर येऊन बसला. बंडीचा नाही, शर्टाचा खिसा. पण त्यातून निघाला तोच रुमाल, आणि त्यात माझं जुनं भिंग.

"सर, तुमचं ऱ्हायलंय म्हणत व्हते मामा. मला सांगून गेलेत."

"अरे, गुदगुल्या होतात मला."

"होऊ द्या."

त्यानं माझा पाय मांडीवर घेतला. दारात मामांची मुलगी उभी होती, कडेवर नात. मी ओरडलो, हसलो, खांब धरला. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. गुदगुल्या तर होतच होत्या. इतक्या वर्षांत मामांना पाच मिनिटं पाय दिला असता, तर माझं काय बिघडलं असतं?

जावयानं दोन्ही तळवे सावकाश बघितले. मग भिंग पुसून रुमालात गुंडाळलं, ढिगातून माझा जोडा बरोबर शोधून माझ्यापुढे सरळ ठेवला आणि म्हणाला,

"काही न्हाई, सर. बिनघोर जावा."