थट्टेच्या नात्यातली जेनेबा

राजधानी वागाडुगूत ज्वारीची दारू गाळणाऱ्या जेनेबा तोएचं नाव देशभर झालं ते तिच्या शिव्यांमुळे. ती सामो, पंतप्रधान राओगो तापसोबा मोस्सी, आणि या दोन जमातींत पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं. सामोने मोस्सीला भर बाजारात वाट्टेल ते बोलावं आणि मोस्सीने हसावं. जो रागावला त्याची लाज गेली.

राओगो पक्का बेरकी. दर निवडणुकीत तो जेनेबाला सभेत उभी करी. "अरे गुलामा, कुत्र्याची मुंडी चोरून खातोस आणि देश चालवतोस होय रे?" ती ओरडे. साहेब पोट धरधरून हसत. जनतेच्या शिव्या खाणारा पंतप्रधान! खुर्ची गेली तरी हा लौकिक काही गेला नाही.

तिचा धाकटा भाऊ लासिना साहेबांचा ड्रायव्हर. बघू नये ते त्याने बघितलं असावं, कारण एक दिवस तो नाहीसाच झाला. "सरहद्दीपार आबिजानला पळाला, कुणा बाईच्या नादानं," साहेब हसत म्हणाले. आई वाट बघतच मेली. पुढे साहेबांनी गावच्या घराच्या अंगणात भाषणासाठी चौथरा बांधला, आणि जेनेबा त्यावरही चढून हसवत राहिली. लोक तिला निर्लज्ज म्हणाले. म्हणोत! थट्टेचा हक्क हेच तिचं हत्यार होतं, आणि ते तिला गंजू द्यायचं नव्हतं.

राओगो मेला. झेंड्यात गुंडाळलेली पेटी त्याच अंगणात आली, मंत्री आले. पेटी खाली सोडणार तोच जेनेबाने खड्ड्यात उडी टाकली आणि ती आडवी झाली. सगळे खदखदून हसले. रीतच आहे ती. थट्टेच्या सोयऱ्याचं समाधान होईतो मढं पुरता येत नाही. वरून नोटा पडल्या.

"नोटा घाला चुलीत! माझा लासिना कुठाय ते सांगा."

"ऊठ गं बाई, ऊन चढतंय. आमचा म्हातारा नासेल!" राओगोचा एक पुतण्या काठावरून ओरडला.

"नासू दे. जिवंतपणीच नासला होता मेला."

एक शिपाई पुढे झाला. राओगोचा थोरला भाऊ नोबिला याने काठी आडवी धरली. "हात लावशील तर खबरदार! सोयऱ्याला ओढून काढलं, तर वर गेलेले वाडवडील राओगोला दारात उभं करणार नाहीत."

दुपार कलली. हसणं कधीच विरलं होतं. राओगोची बायको पेलाजी खड्ड्याच्या काठाशी येऊन बसली.

"सोड गं त्यांना, जेनेबा."

"कुठाय?"

पेलाजीने मान खाली घातली. "चौथऱ्याखाली. जुन्या विहिरीत टाकला, वर बांधून घेतलं. मला ठाऊक होतं."

जेनेबा वर आली. इतकी वर्षं ती त्याच्याच छातीवर उभी राहून लोकांना हसवत होती. तिने एकदाच हंबरडा फोडला आणि खड्डा खणणाऱ्याच्या हातातली कुदळ हिसकावली.

"आधी माझा भाऊ वर येईल. मग तुमचा साहेब खाली जाईल."

कुणी हसलं नाही. नोबिलाने काठी टाकली आणि पहार उचलली.